ऊन कोणाला लागते?

आपल्या घरांतून उन्हाची चर्चा होते ती बहुधा मुलीच्या निमित्ताने. "उन्हात फिरू नकोस, काळी पडशील," हे वाक्य न ऐकता वाढलेली मुलगी महाराष्ट्रात सापडणे कठीण. शेतावर निघालेल्या वडिलांना मात्र हे कोणी ऐकवीत नाही, आणि वैशाखात भर दुपारी गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या आईला तर नाहीच नाही. म्हणजे उन्हापासून जपायचे ते आरोग्य नव्हे, रंग. आणि तोही लग्न ठरेपर्यंत! १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आपल्या बाजारात आले आणि २०२० साली त्याच्या नावातले 'फेअर' गेले. घरातले वाक्य अजून तेच आहे.

मला ही भीती भलत्याच जागी लागलेली वाटते. सावळ्या कातडीला मेलॅनिन या रंगद्रव्याचे थोडेफार संरक्षण उपजतच असते. गोऱ्या कातडीच्या लोकांना, विशेषतः ऑस्ट्रेलियात, उन्हामुळे होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची जी धास्ती आहे, तेवढी आपल्याला बाळगण्याचे कारण नाही. (थोडेफार म्हटले आहे, डाग आणि सुरकुत्या आपल्यालाही सोडीत नाहीत.) परंतु कातडी सावळी म्हणून डोळ्यांची सुटका होत नाही. उन्हातील अतिनील किरण वर्षानुवर्षे डोळ्यांत जात राहिले, की वय, मधुमेह, तंबाखू यांच्या जोडीला मोतीबिंदूचे ते आणखी एक कारण होते. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकत येणारा मांसल पडदा हाही ऊन, धूळ आणि वारा यांत राबणाऱ्यांचा विकार. शेतकरी, कोळी, रस्त्यावर खडी टाकणारे मजूर यांच्या डोळ्यांत तो पाहावयास मिळतो.

आता गॉगल. आपल्याकडे गॉगल हा सिनेमातल्या नायकाचा किंवा कॉलेजकुमाराचा शौक. डोळ्यांवर गॉगल चढवून कोणी शेतकरी नांगरणीला निघाला, तर सारा गाव हसेल. आजोबांना काळा चष्मा मिळतो तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर! अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून असंख्य शस्त्रक्रिया झाल्या, ही मोठीच गोष्ट. पण तो चष्मा तीस वर्षे आधी का मिळू नये, हा प्रश्न आपण घरात कधी विचारला आहे काय?

अर्थात जत्रेतला कोणताही काळा चष्मा चालेल असे नाही. काच काळी असली की डोळ्यांची बाहुली मोठी होते. आणि ती काच अतिनील किरण अडवीत नसेल, तर नुसत्या डोळ्यांपेक्षा अधिक किरण आत शिरू शकतात. काळेपणा उजेड कमी करतो, किरण अडवितोच असे नाही. चष्म्यावर 'यूव्ही ४००' लिहिलेले आहे का ते पाहावे आणि शक्य तर चष्मेवाल्याकडून तपासून घ्यावे. पॉलिकार्बोनेटची बिनरंगी काचसुद्धा हे काम चोख करते.

ऊन म्हणजे उकाडा, अशी आपली समजूत. कोवळे ऊन, टळटळीत ऊन, रणरणते ऊन हे आपले सारे शब्द चटक्यावरून आलेले. उकाडा कळसाला पोचतो तो दुपारी दोन-तीनला. हे किरण मात्र सूर्य माथ्यावर असताना, म्हणजे आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास, सर्वांत तीव्र असतात. महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात ते जाणवत नाहीत, पण उंचीमुळे तेथे ते उलट वाढतात. साधी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की डोके आणि डोळे झाकावेत.

झाकण्याची साधने आपल्याजवळ आहेतच. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवितात. क्रीम दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते, शर्टाला ती कटकट नाही. विदर्भातला तोंडाला बांधलेला दुपट्टाही तसाच. उणीव आहे ती कपाळापुढे येणाऱ्या काठाची. गांधीटोपीने डोके झाकते, डोळे उघडेच राहतात. आमच्या एन.सी.सी.च्या बेरेटचीही तीच गत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की घरात पहिला चांगला चष्मा घ्यायचा तो उन्हात सर्वांत जास्त उभे राहणाऱ्या माणसासाठी घ्यावा, मग तो बांधावरचा बाप असो, बाजारात भाजी घेऊन बसणारी आई असो की एस.टी. चालविणारा भाऊ. मुलीला स्कार्फ जरूर द्यावा. फक्त तो देताना 'काळी पडशील' म्हणू नये. आणि जिमखान्याने यंदाच्या धावण्याच्या शर्यती सकाळी आठपूर्वी उरकाव्यात. पाहुणे उशिरा येतात म्हणून खेळाडूंना बारा वाजता मैदानात उभे करणे आता पुरे झाले.