दौलतीची यादवी, जमिनीचा निचरा
१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर पुण्याच्या दौलतीत माजलेली यादवी १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटली, आणि पुढच्याच वर्षी नारायणरावांचे चुलते आणि गादीचे दावेदार राघोबादादा यांनी नेमणुकीवर दिवस कंठीत जेथे देह ठेवला त्या कोपरगावात बसून विचार केला, तर ‘दादांविरुद्ध उभे राहिलेले बारभाई कारभारी न्यायी, दादा कपटी’ एवढ्या वाटणीने मनाचे समाधान होत नाही. कारण सखारामबापू बोकील प्रथम दादांचे पक्षपाती, मग बारभाईंतील अग्रणी आणि अखेरीस त्याच कारभाराचे कैदी, तर दादांना साथ देणाऱ्या इंग्रजांशी झुंजलेले महादजी शिंदेच पुढे तहाचे मध्यस्थ. पक्ष ओळखावेत ते सरंजामावरून, असे मला वाटते; आणि सरंजाम म्हणजे शेवटी जमिनीचा वसूल. त्या जमिनीच्या प्रकृतीची फिकीर मात्र कोणत्याच पक्षाच्या तहनाम्यात आढळत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांनी कोपरगावच्या या अवर्षणाच्या मुलखात उसाची बागायत आणली खरी, परंतु चिकण काळीत निचरा मंद असल्याने पाटाचे पाणी सढळ सोडले की भूजल वर चढते, उन्हाने उडून जाते, क्षार तेवढे मागे उरतात, आणि सोडियम साठला की माती चोपण होऊन नांगराला दाद देत नाही. जिप्सम, ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत, निचऱ्याचे चर आणि बेताचे पाणी हे उपाय सर्वश्रुत आहेत. यांतला शेवटचा फुकटचा, म्हणूनच बहुधा उपेक्षित. चराला मात्र नाल्यापर्यंत शेजाऱ्याच्या बांधातून वाट लागते, आणि तेथे सख्ख्या भावांचेही दोन पक्ष पडतात.