बिऱ्हाड बदललं तरी रंग आपले

नवा एडिटर घेतला की पहिल्या दिवशी मी कोड लिहीतच नाही, रंग लावत बसतो. ऑफिसातली तरुण पोरं हसतात. "सर, चवथ आली काय? घराला रंग काढताय?" हसू देत. मला हा रिकामटेकडा चाळा वाटत नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्रॅमर ज्यात कोड लिहितो तो एडिटर. तो प्रत्येक शब्दाला त्याच्या कामाप्रमाणे रंग देतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे ठरलेले शब्द एका रंगात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या रंगात, आकडे तिसऱ्या. एखादं अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की पुढचे रंग बिघडतात आणि चूक वाचण्याआधीच दिसते. पण त्यासाठी डोळ्याला त्या रंगांची सवय लागते. ती व्हायला महिने जातात आणि एडिटर बदलला की एका दिवसात मोडते.

एडिटर तर बदलावे लागतातच. गिटहबने २०१४ साली आणलेला ॲटम १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला. गंमत अशी, की ॲटम गेला पण त्याची 'वन डार्क' रंगसंगती राहिली. व्हीएस कोडमध्ये लोक ती 'वन डार्क प्रो' नावाने वापरतात. 'मोनोकाय' त्याहून जुनी. विमर हेझनबर्ग या डच डिझायनरने २००६ साली ती टेक्स्टमेटसाठी केली. पुढे ती सब्लाइम टेक्स्टमध्ये गेली आणि आता व्हीएस कोडबरोबर आयती मिळते. घर पडलं, पण रंग दुसऱ्या घरी नांदले. कारण रंगसंगती म्हणजे शेवटी साध्या मजकुराची एक फाईल. कुठल्या शब्दाला कुठला रंग, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, तयार संगती जरूर घ्या, पण जशीच्या तशी नको. बहुतेक संगतींत कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसाने माणसासाठी लिहिलेल्या टिपा, फिकट राखाडी असतात. कारण संगणक त्या वाचत नाही. पण आम्ही तर वाचायच्या ना! एकदा अशीच एक पुसट टीप माझ्या नजरेतून सुटली. आधीच्या माणसाने लिहून ठेवलं होतं, की खालची ओळ काढू नका. मी काढली, आणि काय बिघडलं ते शोधण्यात अर्धा दिवस गेला. त्या दिवसापासून माझ्या कॉमेंट केशरी आहेत. एडिटर कुठलाही असो, त्या केशरीच.

दुसरं, काळी पार्श्वभूमी ही फॅशन म्हणून स्वीकारू नका. दिवसाच्या उजेडात पांढऱ्यावरची काळी अक्षरं बहुतेकांना अधिक रेखीव दिसतात, कारण उजळ पडद्यासमोर डोळ्याची बाहुली आकसते. ईथन शूनोव्हरने २०११ साली केलेल्या 'सोलराइज्ड'मध्ये सोळाच रंग आहेत, पण उजळ आणि गडद ही दोन्ही रूपं त्यांतूनच निघतात. दिवसा एक वापरा, रात्री दुसरं.

एडिटर हे भाड्याचं बिऱ्हाड. मालक कधी उठवील सांगता येत नाही. आपल्या रंगांची फाईल मात्र वेगळी जपून ठेवावी. परवा त्या हसणाऱ्या पोरांपैकीच एकाने माझी मागून नेली.