उडीद आपला, डाळ दुसऱ्याची : जामखेडची कमाई जाते कुठं?

जामखेड : मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडं उडीद पेरला जातो. कमी पाण्याचं, सत्तर-ऐंशी दिवसांत हाती येणारं पीक. जिरायत माणसाला पोळ्याच्या आसपास रोख पैसा दाखवणारं दुसरं आहे काय? जामखेड आणि खर्ड्याच्या बाजारात तेव्हा उडदाच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. तालुक्याची खरी ताकद ही आहे.

पण पुढं बघा. 2025-26 च्या हंगामासाठी उडदाचा हमीभाव 7,800 रुपये क्विंटल. त्यासाठी ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तसा पाऊस ऐन काढणीत झाला की दाणा डागी होतो. वाळवायला शेड नाही, खताची उधारी डोक्यावर. मग पडेल त्या भावात पोतं देऊन मोकळं व्हायचं. आणि दिवाळीला तीच डाळ पॅकिंगमधून घरी आणायची.

दिवाळी झाली की माणसंही चालली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली. 2024 च्या जानेवारीत झालेल्या करारात ऊसतोडीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. जोडीनं दिवसात दोन टन तोडला तर माणशी 366च पडतात. पहाटे थंडीत फडात उतरायचं त्याचे हे पैसे, तेही उचलीत वळते. पोरांची शाळा बुडते ती वेगळीच.

तालुका मुळात गरीबच, असं म्हणणाऱ्यांनी 1970 साल आठवावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तेव्हा जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बायकांना, बऱ्याच निरक्षर, आरोग्याचं काम शिकवलं. बाळंतपणात बाया आणि जुलाबानं पोरं दगावायची, ते कमी झालं. हे शिकायला जगभरातून लोक जामखेडला येऊ लागले. तेव्हा पाऊस काही जास्त पडत नव्हता. 1972 चा दुष्काळ तर लगेच पुढं उभा होता.

मग उडदाचं का होऊ नये? पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवस मुदत. उधारी भागते, माल आपलाच राहतो, भाव बघून विकता येतो. उचलीची गरज यानं सगळी संपणार नाही, ज्याला रानच नाही त्याला तर काहीच उपयोग नाही. पण दोन-चार एकरवाल्याची एखादी उचल टळू शकते.

बाजार समितीच्या निवडणुकीत मत मागायला कोणी दारात आलं, तर चहा द्या आणि विचारा : गेल्या हंगामात तारण म्हणून किती पोती ठेवून घेतली?