मोरो, माझा भाचा आणि साठ सेशन्स

दिवाळीच्या आधीची गोष्ट. शुक्रवारी रात्री धुळ्याहून ताईचा फोन.

"अरे, जळगावला एक शिबिर होतं. छोटूला दाखवलं. म्हणाले, याचे पाच रिफ्लेक्स अजून ओपन आहेत. साठ सेशन्सचं पॅकेज आहे, सहा महिन्यांत बोलेल म्हणाले. सोमवारी पैसे भरायचेत. भरू का?"

छोटू माझा भाचा. वय साडेतीन. शब्द दोन : 'पाणी' आणि 'नको'. 'रिफ्लेक्स ओपन' ऐकून मला आधी बग रिपोर्ट आठवला :-) पण ताईच्या आवाजात हसण्यासारखं काही नव्हतं. भाऊजींनी फिक्स डिपॉझिट मोडायची तयारी केली होती. मी म्हटलं, "दोन दिवस दे मला." आणि वीकेंडभर वाचत बसलो.

तर मंडळी, प्रकरण असं आहे. नवजात बाळाच्या तळहातावर बोट ठेवा, ते मूठ आवळतं. मान अचानक मागे गेली की दोन्ही हात फेकून दचकतं. या दचकण्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. एर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बाळाचा बायोस. मेंदूचा वरचा भाग तयार होत गेला की साधारण चार-सहा महिन्यांत तो या प्रतिक्रिया दाबून टाकतो. सेरेब्रल पाल्सीसारख्या त्रासात मात्र त्या टिकून राहतात. म्हणून डॉक्टर त्या तपासतात आणि ती तपासणी खरंच उपयोगी आहे.

थेरपीवाल्यांचं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं. बाळासारख्या हालचाली, डोलणं, रांगणं, मान वळवणं हे रोज करून घेतलं की राहिलेले रिफ्लेक्स 'इंटिग्रेट' होतात आणि मूल सुधारतं. याला काही आधार आहे का? थोडासा आहे. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये बेलफास्टच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. वाचायला त्रास होणारी ६० मुलं, वय ८ ते ११, तीन गट. रिफ्लेक्ससारख्या हालचाली करणाऱ्या गटाचं वाचन इतर दोघांपेक्षा जास्त सुधारलं. अभ्यास नीट केलेला आहे, पण मुलं साठच, आणि प्रश्न वाचनाचा. साडेतीन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाबद्दल त्यात काहीच नाही. एवढ्या टेस्टिंगवर मी प्रॉडक्शनला कोड टाकला तर मॅनेजर मला घरी पाठवेल.

शिवाय राहिलेला रिफ्लेक्स हे कारण की लक्षण? लॉगमधली एरर पुसली म्हणून बग जात नाही.

हे सगळं एकदा होऊनही गेलंय. १९६० च्या दशकात अमेरिकेत डोमन आणि डेलाकाटो यांचं 'पॅटर्निंग' गाजलं. मोठी माणसं मिळून मुलाचे हातपाय रोज तासन् तास हलवायची. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये सांगितलं की याला पुरेसा आधार नाही आणि कुटुंबावर ताण मात्र प्रचंड येतो. मूल सुधारलं नाही की आईला वाटतं, मीच कमी पडले. मला ताईच्या बाबतीत सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची.

मग काही आईबाप "फरक पडला" म्हणतात, ते खोटं बोलतात का? अजिबात नाही. मूल वाढत असतंच. आणि रोज अर्धा तास आई सतरंजीवर त्याच्यासमोर बसते, मोबाईल बाजूला ठेवून. आयोना नोव्हाक या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा आढावा घेतला. त्यात ध्येय ठरवून घरी करायच्या व्यायामांना हिरवा दिवा आहे. चमचा धरायचा असेल तर चमचा धरण्याचाच सराव. म्हणून माझं मत असं : चांगल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने खेळात दोन-चार रिफ्लेक्सचे व्यायाम घातले तर बिघडत नाही. पण बोलण्याची गॅरंटी देऊन कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर उठून यावं.

रविवारी ताईला फोन केला. सगळं सांगून विचारलं, "त्याचे कान तपासलेत का गं?"

फोनवर शांतता. साडेतीन वर्षांत कोणीच तपासले नव्हते. मूल बोलत नाही तर पहिली तपासणी कानांची, आणि हे आम्हा शिकलेल्या लोकांना सुचलं नव्हतं. मलाही.

ताईने पैसे भरले नाहीत. बेरा टेस्ट केली, कान ठीक निघाले. पुढे नाशिकला तज्ज्ञांनी ऑटिझम सांगितला. आता महिन्यातून दोनदा नाशिक, येऊन-जाऊन तीनशे किलोमीटर. बाकी दिवस घरी, त्यांनी लिहून दिलेला अर्धा तास. छोटू सहा महिन्यांत बोलेल असं कोणी म्हटलेलं नाही. ताई म्हणते, निदान खरं कळलं.

खरी चीड मला वेगळीच आहे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, आणि जिल्ह्याच्या केंद्रात पुढचे उपचार फुकट, अशी ती योजना. ताईने तिचं नावही ऐकलं नव्हतं. शिबिराचं पत्रक मात्र घरपोच आलं. जिथे थेरपिस्ट मिळत नाही तिथे पॅकेज विकणारा पहिला पोचतो.

असो. पुण्या-बंगळुरात बसलेल्या माझ्यासारख्यांसाठी एवढंच. पुढच्या सुट्टीत गावी जाल, भरीत-भाकरी खाल. तेव्हा घरातलं एखादं लहान पोर हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून सोडून देऊ नका. आधी कान तपासून घ्या, आणि अंगणवाडीताईंना या योजनेबद्दल विचारा. मी एक वर्ष आधी विचारायला हवं होतं.