विश्लेषण : स्तन पुनर्रचनेत इम्प्लांटपेक्षा त्यावरचे आवरण महत्त्वाचे का?

कर्करोगामुळे स्तन काढल्यावर सिलिकॉन इम्प्लांट बसवायचे ठरले, की चर्चा सुरू होते ती आकाराची, कंपनीची आणि किमतीची. निकाल मात्र बराचसा वेगळ्याच प्रश्नावर अवलंबून असतो : इम्प्लांट झाकायचे कशाने?

स्तनातील ऊती काढल्यावर उरते ती पातळ त्वचा. तिच्याखाली थेट इम्प्लांट ठेवले, तर त्याच्या कडा आणि सुरकुत्या बाहेरून जाणवू शकतात. त्वचेला रक्तपुरवठा कमी पडला, तर जखम उघडून ते काढावेही लागते. म्हणूनच शल्यविशारद इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूखाली ठेवू लागले.

स्नायू पुरेसा का नाही?

तो वरचा भाग झाकतो. वजन येते ते खालच्या भागावर. शिवाय हाताने जोर लावला की इम्प्लांटही हलते. खालची उणीव भरण्यासाठी मानवी किंवा प्राण्यांच्या त्वचेतून पेशी काढून तयार केलेली जाळी (एडीएम) वापरतात. रुग्णाच्या रक्तवाहिन्या हळूहळू तिच्यात वाढतात. त्वचा जाड आणि निरोगी उरली असेल, तर अशा जाळीच्या आधाराने इम्प्लांट पुन्हा स्नायूच्या वर ठेवण्याकडे आता कल आहे. पण जाळी महाग असते. द्रव साचण्याचा आणि संसर्गाचा धोकाही असतो.

‘नवे ते उत्तम’ हा हिशेब इथे चुकतो. स्तन मोठे आणि ओघळलेले असेल, तर खालची जास्तीची त्वचा फेकून न देता तिचा वरचा थर काढून ती आतून पदरासारखी वापरता येते. जाळीचा खर्च वाचतो. दुसरा पर्याय शंभरीपार : इटलीच्या इजिनिओ टान्सिनी यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेला पाठीच्या स्नायूचा ‘फ्लॅप’. तो स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन पुढे येतो. बदल्यात पाठीवर व्रण राहतो, खांद्याची ताकद थोडी कमी होऊ शकते. खर्चाची चिंता असलेल्या कुटुंबाला हे दोन्ही पर्याय जाळीच्या कोटेशनआधी समजायला हवेत.

रेडिएशन होणार का, हेही आधीच विचारावे. त्याने त्वचा ताठरते आणि इम्प्लांटभोवतीचे कवच आवळण्याचा धोका वाढतो. अशा छातीवर पाठीचा स्नायू अनेकदा अधिक भरवशाचा ठरतो.