खिडकीची जागा

आपल्या घरातील बाईने आजवर केलेले प्रवास एकदा मोजून पाहा. माहेर, सासर, नणंदेच्या मुलीचे लग्न, धाकट्या जावेचे बाळंतपण, कुणाची मय्यत, सोलापूरचा दवाखाना. बाई फिरत नाही असे नाही. पण प्रत्येक फेरीला काहीतरी काम असते. ते संपले की ती परत येते, आणि वाटेत काय दिसले हे तिला कुणी विचारत नाही. कामाशिवाय, फक्त पाहण्यासाठी, आपल्या मैत्रिणीबरोबर चार दिवस बाहेर पडलेली बाई केमसारख्या गावात शोधून सापडणे कठीण.

माझी भाची मोबाईलवर दूरदूरच्या मुलींचे प्रवास पाहत असते. पाठीवर एक पिशवी, बरोबर एक मैत्रीण, आणि दक्षिण अमेरिकेतल्या पेरू, इक्वेडोर, कोलंबिया अशा देशांत समुद्राकाठच्या एका गावातून दुसऱ्या गावात बसने जायचे. तिकडे लांब पल्ल्याचा प्रवास बहुतेक बसनेच होतो. रात्रभर चालणाऱ्या गाड्यांत पाठ मागे टेकवून झोपता येते. त्या आसनाला ‘कामा’ म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत पलंग. भाची म्हणाली, “खाला, आपल्याला कधी असे जमणार?” तिला म्हटले, बस आपल्याकडे आहे, समुद्रही आहे. मैत्रीण तेवढी हवी.

मैत्रीण होती. आम्ही दोघी केमच्या शाळेत एका बाकावर बसायचो. ती गावातल्या कुंकवाच्या कारखान्यात पाकिटे भरते. तिची बोटे बारा महिने लाल. दोघींची पन्नाशी उलटलेली, आणि दोघींनीही कोकणचा समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या मुलाने विचारले, “अम्मी, तिकडे काय काम आहे?” म्हटले, काही काम नाही, म्हणूनच जायचे आहे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग गाड्यांच्या वेळा काढून द्यायला लागला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. महरमशिवाय स्त्रीने लांबचा प्रवास करावा की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, आणि हा स्तंभ फतवा देण्याची जागा नाही. 2018 च्या हज धोरणात 45 वर्षांवरील स्त्रियांना चौघींच्या गटाने महरमशिवाय जाण्याची मुभा मिळाली, तेव्हाही घराघरांत दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. ज्या घरात हे मान्य नाही तिथे नवऱ्याला, भावाला, मुलाला बरोबर घ्यावे. पण मग खिडकीची जागा मागून घ्यावी. असे का म्हणते, ते पुढे येईलच.

आमचा रस्ता असा होता. केमहून रेल्वेने पुणे. केमला थोड्याच गाड्या थांबतात, त्यामुळे वेळ आधी पाहून ठेवावी लागते. पुण्याहून एसटीने अलिबाग, तिथून गाडी बदलून मुरुड. पुढे दक्षिणेकडे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, दाभोळ, गुहागर आणि शेवटी रत्नागिरी. नकाशात हे सरळ दिसते, पण या वाटेवर चार खाड्या आडव्या येतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. चारही ठिकाणी फेरीबोट आहे. तिच्यात मोटारी, दुचाक्या आणि माणसे एकदमच चढतात. आपण एसटीने धक्क्यापर्यंत जायचे, बोटीने पलीकडे उतरायचे, आणि तिथून दुसरी एसटी धरायची. सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाड्यांवर पूल आहेत. ते झाले की वेळ वाचेल, पण अशी मध्येच हातपाय मोकळे करण्याची सवड उरणार नाही.

पहिला मुक्काम मुरुडला. तिथला जंजिरा किल्ला भर समुद्रात उभा आहे. जंजिरा हा शब्दच अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, यावरून आला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे हे संस्थान 1948 पर्यंत होते. पण मला तिथे आठवण आली ती दोन बहिणींची. इथल्या नवाबांच्या बेगम नाझली यांनी 1908 मध्ये युरोपची सफर केली आणि तिचा उर्दू सफरनामा लिहिला. त्यांची धाकटी बहीण अतिया फैझी त्याआधीच, 1906 मध्ये, शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली होती. तिथून ती रोजनिशी लिहून घरी धाडत असे. ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवाँ’ या बायकांच्या पत्रिकेत छापून यायची, आणि 1921 मध्ये तिचे पुस्तक झाले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, आजच्या या मासिकासारख्याच एका साप्ताहिकात, पडद्याआड बसलेल्या बायका एका बाईचा प्रवास वाचत होत्या. त्या दोघी मोठ्या घरच्या, हे खरे. आम्ही अर्ध्या तिकिटाच्या. पण पाहायला डोळे सारखेच.

मुरुडहून आगरदांड्याला जाताना माझ्या लक्षात आले, की मैत्रीण प्रत्येक गाडीत आपसूक कडेच्या जागेवर बसते आणि दोन्ही पिशव्या मांडीवर घेते. तिला म्हटले, “आत सरक की, समुद्र त्या बाजूला आहे.” ती म्हणाली, “आगं, मी कधी खिडकीत बसलेच न्हाई. पोरं बसायची, न्हाईतर मालक. मी आपली कडंला, सामान धरून.” हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिच्या दृष्टीने बसायची रीतच ती होती. चाळीस वर्षे ती एसटीने फिरली, आणि रस्ता तिने समोरच्या प्रवाशाच्या पाठीवरच पाहिला.

मग आम्ही नियम केला. खाडी ओलांडली की जागा बदलायची. एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत खिडकी एकीची, पुढे दुसरीची. दिघीला उतरल्यावर पहिली पाळी तिची. श्रीवर्धनपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. सुपारीच्या बागा आल्या तेव्हा फक्त माझ्या हाताला हात लावून बाहेर दाखवले.

अरबीत ‘सफर’ या शब्दाच्या मुळाशी उघड करणे, पडदा दूर होणे हा अर्थ आहे. हजरत उमर यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. कुणीतरी एका माणसाच्या चांगुलपणाची ग्वाही द्यायला आला. त्यांनी विचारले, तू त्याच्याबरोबर कधी प्रवास केलास का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. शाळेपासूनच्या मैत्रिणीची ही एवढी साधी गोष्ट मला केममध्ये राहून कळली नव्हती. ती कळायला दिघीची बस लागली.

पडदा दूर होतो तेव्हा सगळेच गोड दिसते असेही नाही. तिला स्टँडवर तासभर आधी पोहोचायचे असते, आणि मला निघता निघता आणखी एक गल्ली पाहायची असते. दापोलीला यावरून जुंपली. खर्चासाठी आम्ही एकच बटवा ठेवला होता, पण त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या चहाचे पैसे कनवटीतून काढून वेगळे दिले. त्यावरून राग केवढा ते मला कळले. दुसऱ्या दिवशी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला गेलो. बोली इतक्या भराभर चालल्या होत्या की आम्हाला काही उमजेना. एका कोळणीने तिच्या लाल बोटांकडे पाहून विचारले, “हे काय गं?” ती म्हणाली, “केमचं कुंकू.” कोळीणबाईने स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि हसली. मग आम्हीही हसलो. परतीच्या तिकिटाचे पैसे पुन्हा बटव्यातून गेले.

दाभोळ हे एकेकाळी मोठे बंदर होते. खाडीच्या काठावर आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, घुमट आणि मिनारांची. असे सांगतात, की विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती. समुद्रमार्ग सुरक्षित नसल्याने तिला इथेच थांबावे लागले, आणि हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला. मैत्रीण म्हणाली, “म्हणजे तिला जाऊ दिलं न्हाई, तर तिनं इथंच कायतरी करून ठिवलं.” ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिचा असा अर्थ कधी मनात आला नव्हता.

कोकणात आणखी एक गोष्ट जाणवली. आम्ही सोलापूरकडचे बहुतेक हनफी, आणि कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यामुळे तिकडे असरची अजान आपल्यापेक्षा लवकर होते. पहिल्या दिवशी मला वाटले, घड्याळ पुढे गेले. अरबस्तानातून जहाजाने आलेले व्यापारी ही रीत घेऊन आले. केरळचा किनारा, श्रीलंका, इंडोनेशिया इथेही बहुतांशी तीच आहे. घाटाच्या अलीकडे दीन जमिनीच्या वाटेने पोहोचला, पलीकडे पाण्याच्या वाटेने. पुस्तकात वाचलेली गोष्ट कानांनी ऐकली की वेगळीच समजते. मुसाफिराला कसरची सवलत आहे, चार रकातींच्या जागी दोन. प्रवासात माणूस थकतो हे दीनने आधीच जाणले आहे. आपल्या घरांनी बाईच्या बाबतीत ते अजून जाणायचे आहे.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे कामाचे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि 75 वर्षांवरील सर्वांना 26 ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास जुना आहे, पण अर्ध्या तिकिटाने जाणाऱ्या बायकांनी पास काढण्याआधी बेरीज करून पाहावी. सुटकेस नेऊ नये. बोटीच्या धक्क्यावर ती ओढता येत नाही, पाठीवरची पिशवी बरी. तिच्यात दोन जोड कपडे, जानमाज, औषधे, बॅटरी, आणि आपली कडक भाकरी नि शेंगाची चटणी. तिकडे तांदळाची भाकरी मऊ आणि चांगली असते, पण तिसऱ्या दिवशी ज्वारी आठवतेच. गाड्यांच्या वेळा चौकशीच्या खिडकीवर विचाराव्यात आणि वाहकालाही विचाराव्यात. लहान गावांत रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी पहाटे निघते. ती चुकली तर दुसरीची बराच वेळ वाट पाहावी लागते. उजेड असेतो खोली ठरवावी, शक्यतो जिथे घरातली बाई समोर येऊन बोलते अशा घरगुती ठिकाणी. अशाच एका घरी आम्हा दोघींची नावे ऐकून मालकीणबाईंनी विचारले, “तुमचं नातं काय?” मैत्रीण म्हणाली, “एका बाकावरचं.” त्यांनी आणखी काही विचारले नाही. चादरी आणून दिल्या.

पावसाळा टाळावा. ज्वारीची राखण संपली की, किंवा त्याआधी हिवाळ्यात, जशी घरातली कामे असतील तसे निघावे. एवढे लांब जमत नसेल तर केमपासून जवळच उजनीचे पाणी आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. त्यालाही काही काम नसावे, एवढीच अट.

आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरज आणि कुर्डुवाडीमार्गे घरी आलो. मैत्रिणीच्या बोटांचा लाल रंग समुद्राच्या पाण्याने बराच उतरला होता. दोन दिवस कामावर गेल्यावर तो पुन्हा चढला. पण परवा ती टेंभुर्णीला नातीला घेऊन निघाली तेव्हा मी स्टँडवर होते. नात खिडकीकडे धावली. आजीने तिला उचलून मांडीवर घेतले आणि स्वतः खिडकीत बसली. दोघी बाहेर पाहत होत्या. पिशव्या पायाशी होत्या.