ठेवीचाही सातबारा असावा

जमिनीचा सातबारा शेतकरी जिवापाड जपतो. खातेदार कोण, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, हे त्याला तोंडपाठ असते. परंतु तीच जमीन संपादनात जाऊन भरपाईची रक्कम बँकेत मुदत ठेव म्हणून गुंतली, की पावती पेटीच्या तळाशी जाते आणि तिच्या अटी केवळ कर्त्या पुरुषास ठाऊक राहतात. त्याच्या पश्चात घरच्या माणसांनी काय करावे?

महामार्ग व लोहमार्ग या दोहोंलगत वसलेल्या जिते गावाने याचा विशेष विचार करावा. तालुक्याच्या ठिकाणी, पेण येथे, २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार थांबले व असंख्य ठेवीदारांची पुंजी अडकली. त्या वेळी ठेवविम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. ही मर्यादा दर पावतीस नसून, एका बँकेच्या सर्व शाखांत एकाच हक्काने ठेवलेल्या रकमांना, मुद्दल व व्याज मिळून आहे. पतसंस्थेतील ठेवीस हा विमा नाही. म्हणून पावती कोणत्या संस्थेची व कोणाच्या नावे, हे आधी पाहावे.

प्रत्येक घरी एक वही असावी. तीत संस्था व शाखा, पावती क्रमांक, ठेवीदारांची नावे, रक्कम, व्याजदर, मुदत संपण्याची तारीख, मुदतीपूर्वी ठेव मोडण्याची अट व नामनिर्देशन यांची नोंद करावी. संयुक्त ठेवीची रक्कम कोणाच्या सहीने मिळेल, तेही लिहावे. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते, पण तेवढ्याने मालक होत नाही. वारसांचा हक्क कायम राहतो. हे न समजल्याने भावाभावांत वितुष्ट येते.

घरच्या पैशाची वाच्यता नको, असे काहीजण म्हणतात. परक्यांपुढे ती नकोच. परंतु जिने पेरणीपासून मळणीपर्यंत बरोबरीने कष्ट केले, त्या गृहिणीपासून कसली गुप्तता? तिला वही वाचून दाखवावी व शक्य तेथे ठेव दोघांच्या नावे करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाण्यांच्या चौकशीबरोबर या वहीचीही चौकशी करावी. मात्र आकडे विचारू नयेत. भात कापून खळ्यावर टाकले म्हणजे ते कणगीत पडले असे होत नाही. ठेवीचेही तसेच आहे.